यंत्राच्या पोटातला आकडा पानावर कसा उतरतो: तक्त्यांच्या छपाईचा इतिहास

आजचा विषय तसा एका ओळीत सांगता येतो. हिशेब करणाऱ्या यंत्राकडे आकडा तयार असतो. तो छापलेल्या पानावर, तक्त्याच्या नेमक्या घरात, जसाच्या तसा पोचवायचा कसा? आज संख्याशास्त्रात किंवा अर्थशास्त्रात पीएच.डी. करणारी मुलं संगणकाला दोन ओळींची आज्ञा देतात आणि तक्ता प्रबंधात जाऊन बसतो. त्यांना ही गोष्ट इतकी किरकोळ वाटते की तिला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. इतिहास आहे, आणि तो संगणकाच्या शंभर वर्षं आधी सुरू होतो.

आधी तक्ता म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणू या. आपल्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावी शास्त्र शाखेतून केली, त्यांनी लॉग टेबल वापरलेलं आहे. घरात पंचांग असतं, तेही एका अर्थी तक्त्यांचंच पुस्तक. या पुस्तकांची एक गंमत अशी, की त्यात चुकीचा आकडा दिसत नाही. कथेत एखादा शब्द चुकला तर वाचक स्वतःच दुरुस्त करून पुढे जातो. लॉगच्या तक्त्यात ३ च्या जागी ८ पडला तर तो ८ अगदी खरा दिसतो. आपण तो घेतो, गुणाकार करतो, उत्तर लिहितो. एकोणिसाव्या शतकात हे तक्ते घेऊन जहाजं समुद्रात जात होती, हे लक्षात ठेवा.

त्या काळात तक्ता छापायचा तर टप्पे कोणते होते? माणसांनी हिशेब करायचा. मग तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचा. मग छापखान्यात जुळाऱ्यानं एकेक खिळा उचलून जुळणी करायची. मग प्रूफ वाचायचं, दुरुस्त्या करायच्या. आणि छपाई सुरू झाल्यावरसुद्धा एखादा सैल खिळा निघून यायचा आणि कामगार तो अंदाजानं परत बसवायचा. पाच टप्पे, आणि पाचही ठिकाणी माणसाचा हात. १८३४ साली डायोनिसियस लार्डनर या लेखकानं ‘एडिंबरा रिव्ह्यू’मध्ये या प्रकारावर मोठा लेख लिहिला. तक्त्यांची ४० पुस्तकं सहज म्हणून निवडली, तर त्यांच्या शुद्धिपत्रांमध्ये कबूल केलेल्या चुकाच ३,७०० च्या आसपास निघाल्या, असं त्यानं नोंदवलं. कबूल केलेल्या बरं का. न सापडलेल्या वेगळ्या. त्याच लेखात एका प्रसिद्ध लॉग पुस्तकाची हकीकत आहे. त्याचं शुद्धिपत्र निघालं, त्या शुद्धिपत्रात चूक निघाली, ती दुरुस्त केली, आणि मग त्या दुरुस्तीचीच दुरुस्ती छापावी लागली.

हा लेख लिहिला गेला चार्ल्स बॅबेजच्या यंत्राविषयी. बॅबेज आपल्याला ‘संगणकाचा जनक’ म्हणून शाळेत भेटतो, आणि त्यामुळे एक गोष्ट नेहमी सुटते. त्याचं ‘डिफरन्स इंजिन’ हे हिशेबाचं यंत्र होतं, तसंच ते छपाईचंही यंत्र होतं. १८२१ मध्ये तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राचे तक्ते तपासत बसले होते. दोन वेगवेगळ्या हिशेबनिसांनी काढलेले आकडे ताडून पाहायचे, असं ते काम. चुकांमागून चुका निघाल्या आणि वैतागून बॅबेजच्या तोंडून निघून गेलं की हे सगळं वाफेच्या यंत्रानं व्हायला हवं. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण बॅबेज तेवढ्यावर थांबला नाही. यंत्रानं बिनचूक उत्तर काढलं आणि ते पुन्हा माणसानं उतरवून घेतलं, तर साधलं काय? म्हणून यंत्रानं उत्तर थेट साच्यात दाबायचं, त्या साच्यात धातू ओतून पानाचा ठसा तयार करायचा, आणि तो ठसा छापखान्यात न्यायचा. मधला जुळारीच गेला.

बॅबेजला तक्त्यांच्या दिसण्याचीही चांगलीच काळजी होती. १८२७ मध्ये त्यानं स्वतः १ ते १,०८,००० या संख्यांचे लॉग तक्ते छापले, फार कसोशीनं प्रूफं तपासून. १८३१ मध्ये त्यानं आणखी एक विचित्र उद्योग केला. लॉग तक्त्याची नमुन्याची पानं वेगवेगळ्या रंगांच्या १५१ कागदांवर, वेगवेगळ्या रंगांच्या शायांनी छापून घेतली. २१ खंड झाले, आणि प्रत एकच! कशासाठी? तर तासन्‌तास आकडे पाहणाऱ्या माणसाचे डोळे कोणत्या रंगावर कमी थकतात ते पाहायला. मला हा माणूस आवडतो तो अशा गोष्टींसाठी.

त्याचं यंत्र मात्र झालं नाही. सरकारनं १७,००० पौंडांच्या वर पैसे घातले, कारागिराशी भांडण झालं, १८३३ मध्ये काम थांबलं आणि १८४२ मध्ये सरकारनं हात झटकले. पुढे १८४७ ते १८४९ च्या दरम्यान त्यानं दुसऱ्या, जास्त सुटसुटीत यंत्राचे आराखडे काढले. तेही कागदावरच राहिले.

पण लार्डनरचा तो लेख स्टॉकहोममध्ये एका माणसानं वाचला. गेऑर्ग शॉइट्स त्याचं नाव. व्यवसायानं तो पत्रकार आणि मुद्रक. म्हणजे चूक नेमकी कुठे होते हे छापखान्यात उभं राहून पाहिलेला माणूस. त्याच्या मुलानं, एडवर्डनं, शिकत असतानाच यंत्र बनवायला घेतलं. १८५३ मध्ये पुरं यंत्र तयार झालं. ते १५ अंकांपर्यंत हिशेब करायचं आणि त्यातले ८ अंक साच्यात दाबायचं. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. बॅबेजनं मत्सर न करता त्यांचं कौतुक केलं, मदत केली. १८५७ मध्ये या यंत्रानं मोजलेल्या, साच्यात उतरवलेल्या आणि छापलेल्या तक्त्यांच्या नमुन्यांचं पुस्तक लंडनला निघालं. ते बॅबेजलाच अर्पण केलेलं आहे.

आता इथे आपल्या विषयाचा खरा सांधा येतो. याच यंत्राची दुसरी प्रत १८५९ मध्ये लंडनच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या मुख्य कार्यालयासाठी तयार झाली. तिथे विल्यम फार नावाचा संख्याशास्त्रज्ञ होता. कोणत्या वयात किती माणसं मरतात, अमुक वयाच्या माणसाचं सरासरी किती आयुष्य उरलं आहे, याचे तक्ते तो करत होता. विम्याचे हप्ते अशा तक्त्यांवर ठरतात. १८६४ मध्ये त्याचा ‘इंग्लिश लाइफ टेबल’ हा जाडजूड ग्रंथ निघाला आणि त्यातली काही पानं या यंत्राच्या साच्यांवरून छापलेली आहेत. लोकसंख्येच्या आकडेवारीवरचा तक्ता यंत्रातून थेट पानावर आला तो असा. पण पुस्तकाच्या मानानं पूर्णपणे यंत्रानं घडवलेली पानं अगदी थोडी. यंत्र लहरी होतं, सारखं कोणीतरी त्याच्यापाशी उभं राहावं लागे, मधेमधे आकडे पुन्हा बसवून घ्यावे लागत. बाकीचं पुस्तक नेहमीप्रमाणे जुळाऱ्यांनी जुळवलं.

पुढची शंभरेक वर्षं मी भरभर ओलांडतो. १९४० च्या दशकात हार्वर्डच्या ‘मार्क वन’ संगणकाला विजेवर चालणारे टंकलेखक जोडले होते. त्यांनी टंकलेली पानं फोटो काढून तशीच पुस्तकात छापली. कल्पना बॅबेजचीच. पण संगणक विद्यापीठांत आणि कचेऱ्यांत पसरले तेव्हा उलटंच घडलं. संगणक भल्यामोठ्या घडीच्या कागदावर आकडे ओकायचा, संशोधक त्यावर पेन्सिलीनं खुणा करायचा, टंकलेखिका ते आकडे पुन्हा टंकायची, आणि नियतकालिकाचा छापखाना ते तिसऱ्यांदा जुळवायचा. हिशेबाचा वेग लाखपटीनं वाढला आणि माणसाचा हात पुन्हा मधे आला. १८२१ ची अडचण १९७१ मध्येही तशीच.

मग १९७७. डोनाल्ड क्नूथ हे स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्या मोठ्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिल्या वेळी ती शिशाच्या खिळ्यांनी छापलेली होती. आता छापखान्यानं फोटोच्या पद्धतीचं नवं तंत्र आणलं होतं. प्रूफं हातात आली आणि क्नूथना ती पाहवेनात. त्यांनी ठरवलं, अक्षरजुळणीचा प्रोग्राम आपणच लिहायचा. काही महिन्यांत उरकेल असा अंदाज होता. पुढची दहा वर्षं त्यात गेली. तो प्रोग्राम म्हणजे ‘टेक्’. त्याच्या आवृत्त्यांचे क्रमांक ३.१, ३.१४ असे पायच्या किमतीकडे सरकतात, आणि चूक दाखवणाऱ्याला क्नूथ स्वतःच्या सहीचा धनादेश पाठवत. शुद्धिपत्रांच्या परंपरेतलाच हा माणूस, फक्त खिशातून पैसे देणारा. पुढे लेस्ली लॅम्पोर्टनं टेक्वर ‘लाटेक’ रचलं आणि १९८० च्या दशकात गणिती मंडळी त्याच्यावर गेली.

टेक्ची आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट कोणती? त्यात पान हे चित्र नसतं, मजकूर असतो. तक्ता म्हणजे साध्या अक्षरांची फाइल: दोन घरांच्या मधे ‘आणि’चं ते इंग्रजी वळणदार चिन्ह, ओळीच्या शेवटी दोन उलट्या तिरक्या रेघा. एवढंच. आणि मजकूर लिहिणं तर कोणत्याही प्रोग्रामला जमतं. बॅबेजला साचा, धातू, दात्यांची चाकं लागली. इथे हिशेब करणाऱ्या प्रोग्रामनं आकड्यांच्या मधे एक चिन्ह टाकलं की झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोठी उडी ही आहे, जरी टेक् बनवताना क्नूथच्या डोळ्यांपुढे संख्याशास्त्राचे तक्ते नव्हते.

क्नूथनीच १९८४ मध्ये दुसरी एक कल्पना मांडली. प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच फाइलमध्ये, माणसाला वाचता येईल अशा क्रमानं लिहायचं. मग एका अवजारानं त्यातून चालणारा प्रोग्राम काढायचा आणि दुसऱ्यानं छापायचा मजकूर विणायचा. स्टॅनफर्डमध्येच जॉन क्लेअरबाऊट हे भूगर्भाच्या लहरींचे अभ्यासक होते. त्यांच्या गटात असा अनुभव येई की विद्यार्थी पदवी घेऊन गेला की त्याची आकृती पुन्हा काढून दाखवणं कोणालाच जमत नाही, कधी कधी त्याला स्वतःलाही नाही. १९९२ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह मांडलं की लेखाबरोबर तो लेख पुन्हा घडवण्याची सगळी सामग्रीही दिली पाहिजे.

हे सगळे धागे एकत्र आले ते ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत. तिची पहिली पक्की आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची. लवकरच ‘एक्सटेबल’ नावाची जोडणी आली; ती कोणताही तक्ता लाटेकच्या भाषेत लिहून देई. आणि २००२ मध्ये फ्रिडरिख लाइश या व्हिएन्नाच्या संख्याशास्त्रज्ञानं बर्लिनच्या परिषदेत ‘स्वीव्ह’ मांडलं. लेखाच्या फाइलमध्येच हिशेबाचे तुकडे लिहायचे. फाइल चालवली की हिशेब होतो, तक्ता घडतो, आणि त्याच जागी बसतो. वाक्याच्या मधेसुद्धा. ‘नमुन्यात अमुक माणसं होती’ यातलं ‘अमुक’ तुम्ही टंकत नाही, हिशेबातून येतं. उद्या दोन नोंदी गाळल्या तर वाक्य आपोआप बदलतं. २०१२ च्या सुमारास यीहुई शिए या आयोवामधल्या विद्यार्थ्यानं याचीच सुधारलेली आवृत्ती ‘निटर’ काढली आणि आज बहुतेक लोक तीच वापरतात. अर्थशास्त्रज्ञांच्या ‘स्टाटा’मध्ये बेन यान यांच्या ‘एस्टआऊट’नं हेच काम केलं.

आता एक योगायोग. लंडनच्या सायन्स म्युझियमनं बॅबेजच्या दुसऱ्या यंत्राचे जुने आराखडे काढून ते खरंच बांधलं. हिशेबाचा भाग १९९१ मध्ये पुरा झाला. छपाईचा भाग पुरा व्हायला २००२ उजाडलं, म्हणजे स्वीव्ह आलं तेच वर्ष. सगळे मिळून ८,००० सुटे भाग, ५ टन वजन. आणि तो छपाईचा भाग काय काय करतो? एका पानात किती रकाने, समास किती, ओळींमधलं अंतर किती, हे ठरवता येतं. वाचणाऱ्याचा डोळा घसरू नये म्हणून दर काही ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडता येते. लाटेकसाठी १९९५ मध्ये सायमन फिअर यांनी ‘बुकटॅब्ज’ लिहिलं तेव्हा त्यांचंही सांगणं असंच: उभ्या रेघा काढा, आडव्या थोड्याच ठेवा, आणि मोकळ्या जागेला तिचं काम करू द्या. आपल्याकडे मात्र प्रत्येक घराला चारी बाजूंनी रेघ मारल्याशिवाय तक्ता झाला असं वाटतच नाही. असो.

इथपर्यंत ऐकून वाटेल की प्रश्न सुटला. थोडं थांबा. जुळारी गेला तरी चुकीनं नव्या जागा शोधल्या, आणि त्या सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील.

पहिली जागा अगदी यांत्रिक आहे. टेक्मध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ असा की इथून ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं सोडून दे. समजा, तक्त्याच्या एका ओळीचं नाव आहे ‘शहरी लोकसंख्या’ आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. खालची ओळ आहे ‘साक्षरता’. चिन्हावर संरक्षक तिरकी रेघ टाकायची राहिली, तर पहिल्या ओळीचे आकडे आणि ओळ संपल्याची खूण, दोन्ही नाहीसे होतात. छापून येतं ‘शहरी लोकसंख्या साक्षरता’, आणि पुढे साक्षरतेचे आकडे. रकान्यांची संख्या बरोबर जुळते, त्यामुळे संगणक हूं की चूं करत नाही. तयार जोडण्या हे चिन्ह सांभाळून घेतात. स्वतः लिहिलेला प्रोग्राम घेतोच असं नाही.

दुसरी जागा ताऱ्यांची. संख्याशास्त्राच्या तक्त्यात आकड्याला तारे लावतात. जितके तारे तितका निष्कर्ष पक्का असा समज. एस्टआऊट आपणहून एक तारा लावतं ते ०.०५ च्या खाली. ‘स्टारगेझर’ ही आरमधली लोकप्रिय जोडणी एक तारा लावते ०.१ च्याच खाली. म्हणजे तोच आकडा एका अवजारातून बिनताऱ्याचा येतो, दुसऱ्यातून ताऱ्याचा. दोघंही तळाशी बारीक अक्षरात नियम छापतात. तो किती जण वाचतात?

तिसरी जागा गंभीर आहे. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा एक लेख आला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असं त्यातून दिसत होतं. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापायचा की नाही या वादात तो आकडा वारंवार पुढे केला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एखाद्या लेखाचे आकडे पुन्हा काढायचे होते. त्यानं हाच लेख घेतला. आकडे जुळेनात. शेवटी मूळ एक्सेलची फाइल मागवली, आणि सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं सापडलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. वर्णानुक्रमातले पहिले पाच देश हिशेबातून गळाले होते. त्यानं आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी काढलेली सरासरी आली अधिक २.२ टक्के. एवढा सगळा फरक त्या एका सूत्रामुळे नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. काही वर्षांचे आकडे न घेणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांचा वाटा जास्त होता, आणि ते वादाचे मुद्दे आहेत. पण पद्धतीवर वाद घालायला पद्धत दिसावी लागते, आणि छापलेल्या तक्त्यात ती दिसत नव्हती.

चौथं उदाहरण रुग्णांचं आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २००६ च्या सुमारास लेख आले: गाठीतल्या जनुकांच्या खुणा पाहून कोणत्या रुग्णाला कोणतं कर्करोगाचं औषध लागू पडेल ते सांगता येतं. त्यावर विसंबून रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. ह्यूस्टनचे कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ ते आकडे पडताळू लागले. त्यांना दिसलं की जनुकांची यादी काही ठिकाणी एका ओळीनं सरकलेली आहे. प्रत्येक नाव शेजारच्याच्या आकड्यासमोर. काही औषधांच्या बाबतीत ‘लागू पडतं’ आणि ‘पडत नाही’ या चिठ्ठ्याच उलट्या लागल्या होत्या. त्यांचा लेख २००९ मध्ये आला. चाचण्या २०१० मध्ये कायमच्या थांबल्या, लेख मागे घेतले गेले, आणि पुढे सरकारी चौकशीत गैरवर्तनही नोंदवलं गेलं. आकडे मुद्दाम बदलणाऱ्याला कोणतंही अवजार अडवत नाही. पण बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी स्वतःच्या विभागात अहवाल स्वीव्हमध्येच लिहायची पद्धत घातली, म्हणजे तक्त्यातल्या कोणत्याही आकड्यापासून मूळ नोंदीपर्यंत कोणालाही मागे चालत जाता यावं.

आणि आपल्याकडचं काय? देवनागरी टेक्मध्ये आणायचं काम १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी केलं. रोमन लिपीत टंकायचं आणि त्यांचा प्रोग्राम ते देवनागरीत फिरवायचा. आता थेट देवनागरीत टंकता येतं. तरी एक बारीक गोष्ट उरली आहे. यातली बहुतेक अवजारं स्वल्पविराम दर तीन अंकांनी टाकतात. आपल्याला १२,३४,५६७ हवं असतं. ती १,२३४,५६७ देतात. मग अहवाल छापायला जायच्या आदल्या रात्री कोणीतरी बसून शेकडो आकड्यांतले स्वल्पविराम हातानं हलवतं. दोनशे वर्षांनी पुन्हा तोच हात मधे. खरं तर लाख-कोटींचा स्वल्पविराम टाकणारा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा होतो. एकदा लिहायचा आणि सगळ्या तक्त्यांना लावायचा. माझ्याकडे आहे, व्याख्यानानंतर ज्यांना हवा त्यांना देतो. आता प्रश्न घेऊ या.